पेशवे दफ्तराचे कुलूप

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईला तोंड लागले आणि पेशव्यांच्या फौजेने मुळा-मुठेच्या संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी पेटवून दिली. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वेळेवर निसटला, पण त्याचा ग्रंथसंग्रह आणि खासगी कागद आगीत गेले. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि ज्याचे स्वतःचे कागद जळून खाक झाले होते, त्याच गृहस्थाच्या हाती पेशवाईचे सबंध दफ्तर आले. पुढची शंभरावर वर्षे त्या दफ्तराची किल्ली सरकारने आपल्याच कनवटीला ठेवली. कोणी मागितली, का नाकारली आणि शेवटी कोणाच्या हाती दिली, याची ही हकिकत आहे.

दफ्तर म्हणजे कागदांची अडगळ नव्हे. नाना फडणिसांच्या अमदानीत पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेवर कारकून बसत. ‘चालते दफ्तर’ फडणिसांच्या थेट नजरेखाली असे. त्याचे फड, बेहेडा आणि सरंजाम असे पोटभाग होते. ‘एकबेरीज’ दफ्तर पुणे सोडून कुठे हलत नसे. महालामहालांतून आलेले हिशेब तिथे जमत, त्यांचे तर्जुमे निघत, खतावण्या होत, जमाखर्चाचा मेळ लागे. कुठल्या गावाचा आकार किती, त्यातला किती देवस्थानाकडे, किती भटा-ब्राह्मणाच्या इनामात, किती शिलेदाराच्या सरंजामात, हे पुण्यात बसून सांगता येत असे. दुसऱ्या बाजीरावाने या शिस्तीकडे दुर्लक्ष केले, कागद हलले, काही लोकांच्या घरी गेले. तरीही जे उरले ते अफाट होते. पुढे यात साताऱ्याच्या छत्रपतींचे आणि आंग्र्यांचे दफ्तरही येऊन मिळाले. एकंदर रुमाल पस्तीस हजारांच्या घरात, त्यातले सत्तावीस हजारांहून अधिक मोडीतले.

रुमाल म्हणजे जाड कापडाचा चौकोन. त्यात कागदांची पुडकी रचायची, चारही टोके वर घेऊन गाठ मारायची आणि फडताळात ठेवायचे. आत हातकागदाचे लांबट बंद, बोरूने लिहिलेली मोडी, लेखणी उचलायची नाही असा जणू पण केलेला. शाई वाळावी म्हणून टाकलेल्या वाळूचे कण काही पानांवर अजून बोटाला लागतात. तारखेपाशी आले की नवखा माणूस अडतोच. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले दिसते. हे अरबी आकडे आहेत, एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे सुहूर सन ११६१. हे साल मृगाबरोबर सुरू होते, इसवीच्या १७६० च्या पावसाळ्याच्या तोंडापासून १७६१ च्या उन्हाळ्यापर्यंत चालते. सोबत चंद्र जमादिलाखर दिसला, तर वाचणाऱ्याचा श्वास थोडा अडखळतो, कारण पानिपतचा दिवस याच महिन्यातला. असा कागद वाचायला मोडी यावी लागते, पंचांग यावे लागते आणि त्याहून आधी तो रुमाल सोडायची परवानगी लागते.

एल्फिन्स्टनला दफ्तर इतिहासासाठी नको होते. ११ फेब्रुवारी १८१८ ला त्याने साताऱ्याहून जाहीरनामा काढला आणि वतने, इनाम जमिनी, वर्षासने, देवस्थानांचे खर्च पूर्वीप्रमाणे चालू राहतील असे वचन दिले. वचन पाळायचे तर कोणाचे काय चालत होते हे कळायला हवे, आणि ते कळण्याची जागा एकच, दफ्तर. म्हणून मॅक्लिऑड नावाच्या आपल्या मदतनिसाला त्याने दफ्तरावर बसवले. मॅक्लिऑडने जुने कारकून हाताशी धरले, विखुरलेले कागद गोळा केले आणि दफ्तर पुन्हा लावून घेतले. त्यामागे सद्‌भाव होता असे मानायला माझी हरकत नाही. पण ज्या कागदांवरून वचन पाळायचे, त्याच कागदांवरून ते मोडताही येते, हे पुढच्या पिढीतल्या साहेबांना लवकरच उमगले.

एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२१ मध्ये, सरकारी कागदांसाठी मुंबईत रेकॉर्ड ऑफिस निघाले. पुण्याच्या दफ्तराच्या नशिबी मात्र महसूल खाते आले, आणि सगळी गोष्ट त्यामुळेच घडली.

कंपनी सरकारला पैशाची चणचण होती, आणि सारामाफीच्या जमिनी डोळ्यांवर येत होत्या. १८४३ पासून दक्षिण मराठा मुलखात, धारवाडच्या बाजूला, इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ साली ११ व्या कायद्याने तिला पक्के रूप दिले. हेच ते इनाम कमिशन. त्याचे काम चाले ते असे. इनामदाराने आपली सनद घेऊन यायचे. घराला आग लागलेली असो, पेंढाऱ्यांनी लुटलेले असो, भाऊबंदांनी कागद दडवलेले असोत, पुरावा द्यायची जबाबदारी त्याचीच. मग कमिशनचे लोक दफ्तरात पाहणार. पेशव्यांच्या हिशेबात ते इनाम दिसले नाही, किंवा दिसले पण वंशपरंपरेचे म्हणून दिसले नाही, तर जमिनीवर सारा बसलाच. नाराज झालेल्याने दिवाणी कोर्टात जायची सोय नव्हती. दाद मागायची ती सरकारकडेच.

यातली ग्यानबाची मेख अशी की सनद इनामदाराने दाखवायची आणि दफ्तर मात्र सरकारने पाहायचे. आपल्या आज्याच्या नावे एकबेरजेत काय लिहिले आहे, हे त्या माणसाला स्वतः उघडून बघता येत नव्हते. सरकारी कारकुनाने जो उतारा काढला तोच पुरावा. वादी सरकार, साक्षीदार सरकारचे दफ्तर आणि न्यायाधीशही सरकारच, मग निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. हजारो इनामे या चरकातून पिळून निघाली. दख्खनच्या आणि कर्नाटकाच्या बाजूच्या खानदानी घरांत जो संताप साठला, तो १८५८ च्या मे महिन्यात नरगुंदला फुटला. नरगुंदकर बाबासाहेब भाव्यांच्या माणसांनी मॅन्सन या अधिकाऱ्याला मारले. दत्तकाची परवानगी नाकारली हे नरगुंदकरांचे मुख्य दुखणे होते, पण मॅन्सन इनाम कमिशनात काम करून आलेला होता, हेही लोक विसरले नव्हते.

सत्तावन्नच्या धक्क्यानंतर सरकारने सबुरी धरली. १८६३ च्या कायद्यांनी ‘समरी सेटलमेंट’ आली. इनामदाराने ठरावीक रक्कम वर्षाला भरायची आणि चौकशीच्या कटकटीतून सुटायचे. कमिशन गुंडाळले गेले आणि त्याची हकिकत एथरिज या अधिकाऱ्याने लिहून छापली. दफ्तर मात्र कमिशनच्याच वळणाने राहिले. ते ‘एलिएनेशन ऑफिस’च्या ताब्यात गेले, म्हणजे ज्या जमिनींचा सारा सरकारने सोडून दिलेला आहे त्यांचा हिशेब ठेवणारी कचेरी. पुण्यात कौन्सिल हॉलच्या बाजूला तिच्यासाठी भक्कम दगडी इमारत उभी राहिली. वरचा साहेब मध्य भागाचा कमिशनर, त्याच्यावर मुंबईचे महसूल खाते. वतनदाराला आपल्या दाव्यापुरती नक्कल हवी असेल तर त्याने अर्ज करायचा, फी भरायची, आणि आतला कारकून शोधून देईल ती घ्यायची. दफ्तर चाळायची मुभा कोणालाच नव्हती.

आणि नेमक्या याच काळात महाराष्ट्राला आपला इतिहास आपण लिहावा असे वाटू लागले.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला होता. साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून त्याला छत्रपतींचे आणि पेशव्यांचे कागद हवे तसे पाहायला मिळाले. म्हणजे दफ्तर ज्याला खुले होते असा तो पहिला इतिहासकार, आणि तो जेत्यांपैकी. १८६० च्या दशकाच्या अखेरीस डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्या ‘बखरी’वर टीका लिहिली. डफ चुकला असे एका विद्यार्थ्याने लेखी म्हणणे ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती. पण टीका करायला आधार हवा, आणि डफने मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवलेल्या नकला पुढे शोधल्या तेव्हा हाती लागल्या नाहीत. अस्सल कागद सरकारच्या कुलपात, नकला बेपत्ता. उरल्या त्या घरोघरच्या बखरी. १८७८ मध्ये जनार्दन बाळाजी मोडक, काशिनाथ नारायण साने आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ काढला तो या तुटपुंज्या सामग्रीवर.

सरकारी दफ्तरात पहिली फट पाडली ती न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींनी, आणि तीही सरकारी माणसाच्या हातून. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड हे कमिशनरच्या कचेरीतले वजनदार अधिकारी. त्यांना पेशव्यांच्या रोजकीर्दींतून उतारे काढायची परवानगी मिळाली. रोजकीर्द ही राज्याची रोजची नोंदवही. आज कोणाला कौल दिला, कोणत्या गावाला दुष्काळाची सूट दिली, कुठला किल्ला दुरुस्त करायचा, कोणाला दंड केला, हे सगळे तिथे. वाडांनी हजारो पानांचे उतारे करून ठेवले. त्यांच्या आधारावर रानड्यांनी १९०० साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि लढाया आणि गादीचे तंटे बाजूला ठेवून न्याय, कर, दारूबंदी, लग्नाचे नियम, कैद्यांची वागणूक यांवर बोलले. मराठेशाहीकडे असे कोणी तोवर पाहिले नव्हते. सात महिन्यांनी, जानेवारी १९०१ मध्ये, रानडे गेले. उतारे डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटीने पुढच्या दहाएक वर्षांत नऊ भागांत छापले. कलकत्त्याच्या सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा मोठा आधार हे नऊ भागच होते. पस्तीस हजार रुमालांतल्या एका फडताळाची ही करामत.

वाडांना जे मिळाले ते दुसऱ्या कोणाला मिळण्याची आशा नव्हती. ते सरकारच्या घरातले, विश्वासातले. बाहेरच्याला उत्तर ठरलेले होते. आणि म्हणून बाहेरच्यांनी सरकारचा नाद सोडून लोकांची माजघरे धुंडाळली. मिरजेला हायस्कुलातले मास्तर वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दफ्तर वाचायला घेतले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला सुरुवात केली. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दफ्तरापर्यंत वाट काढली. आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. वाईला सापडलेल्या कागदांवरून त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ पर्यंतची पत्रे. नंतर आयुष्यभर हा माणूस गावोगाव हिंडला. कुळकर्ण्यांच्या, देशमुखांच्या, मठांच्या माळ्यावरून उंदरांनी कुरतडलेली बाडे खाली उतरवली, हवी तिथे विनवणी केली, हवी तिथे शिव्या दिल्या. साधनांचे खंड बावीसपर्यंत गेले. सरकारच्या नकाराने मराठी इतिहाससंशोधनाचे एक भले केले ते हे. दफ्तर सहज मिळाले असते तर राजवाडे इतके हिंडले असते का, याची मला शंका आहे. अर्थात त्याचे श्रेय महसूल खात्याला देण्याइतका उदार मी नाही.

नकाराची कारणे आता पाहू. पहिले कारण पैशाचे. दफ्तर खुले झाले तर जुन्या इनामांचे, वतनांचे, तनख्यांचे मेलेले दावे पुन्हा जिवंत होतील अशी कचेरीला धास्ती. ज्या कागदांच्या जोरावर जमिनी घेतल्या तेच कागद कोणी वाचले, आणि उतारा अर्धवट काढला होता असे निघाले तर? दुसरे कारण राजकारणाचे. राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच्या आदल्या वर्षी, जून १८९७ मध्ये, पुण्यात रँडचा खून झाला होता. शिवजयंतीचे उत्सव सुरू होऊन दोन-तीनच वर्षे झाली होती. १९०८ मध्ये टिळक मंडालेला गेले, १९१० मध्ये छापखान्यांवर नवा कडक कायदा आला. अशा दिवसांत पुण्याच्या ब्राह्मणांनी पेशव्यांचे कागद मागावेत आणि सरकारने ते सुखाने द्यावेत, हे होणे नव्हते. पण मला स्वतःला पहिलेच कारण मोठे वाटते. दफ्तरातला बहुतेक भाग हा प्रांत अजमास, घडणी, रोजकीर्दी, पागा आणि पथकांचे हिशेब असा आहे. त्यात कटकारस्थाने शोधणाऱ्याच्या पदरी जमाखर्चच पडायचा. ज्या कचेरीचा गल्ला एखाद्या कागदावर चालतो, ती कचेरी तो कागद दाखवत नाही. राजद्रोहाची भीती हे त्या नकाराला मिळालेले भारदस्त नाव.

१९१० च्या ७ जुलैला राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. म्हणजे शहराच्या एका टोकाला सदाशिव पेठेत कागदासाठी जीव टाकणारी माणसे, आणि दुसऱ्या टोकाला, घटकाभराच्या वाटेवर, कुलपातले पस्तीस हजार रुमाल. मधल्या अंतरात अर्ज, शेरे, ‘तूर्त परवानगी देता येत नाही’. मंडळाच्या पाक्षिक सभांतून निबंध वाचले जात होते, त्रैमासिक निघत होते, दत्तो वामन पोतदारांसारखे तरुण तयार होत होते. दफ्तर जागचे हलत नव्हते.

हलले ते वरून. १९१९ मध्ये हिंदुस्थान सरकारने ऐतिहासिक कागदपत्रांसाठी एक कमिशन नेमले. हे कमिशन दर वर्षी वेगवेगळ्या गावी भरे. १९२५ च्या जानेवारीत ते पुण्यात भरले. त्यात जदुनाथ सरकार होते. औरंगजेबावर आणि शिवाजीवर लिहिणाऱ्या या बंगाली प्राध्यापकाने मराठी शिकून घेतली होती, आणि अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही असा त्यांचा हट्ट होता. पुण्यातल्या अनेकांशी त्यांचे पटत नसे. शिवाजीमहाराजांविषयीची त्यांची काही मते इथे झोंबली होती. पण सरकारदरबारी त्यांच्या शब्दाला वजन होते, आणि ते वजन त्यांनी या कामी पुरेपूर वापरले. पत्रे लिहिली, अधिकाऱ्यांना भेटले, पुन्हा लिहिले.

त्यांचा मित्र गोविंद सखाराम सरदेसाई. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी सारी उमेद घालवलेले, ‘मराठी रियासत’ लिहिणारे, १९२५ मध्ये निवृत्त होऊन कामशेतला येऊन राहिलेले. दोघांची मैत्री १९०४ पासूनची आणि मुख्यतः टपालावर वाढलेली. सर फ्रेडरिक साइक्स मुंबईचे गव्हर्नर झाल्यावर गाडे पुढे सरकले. १९२९ मध्ये सरकारने दफ्तरातून निवड करून छापायचे काम सरदेसायांवर सोपवले. तेव्हा त्यांचे वय चौसष्ट. मोडी वाचणारी काही तरुण माणसे हाताशी घेऊन ते त्या दगडी इमारतीत जाऊन बसले.

पुण्यात यावर मोठी नाराजी झाली, आणि ती समजण्यासारखी होती. वीस वर्षे दार ठोठावले मंडळाने, आणि दार उघडले ते कामशेतच्या एका पेन्शनरासाठी, तेही कलकत्त्याच्या शिफारशीवरून. सरदेसायांचे कष्ट कोणी नाकारू शकत नव्हते, पण निवड एकट्याची का, कोणता कागद महत्त्वाचा हे एकाने का ठरवावे, हा मंडळाकडच्या अभ्यासकांचा प्रश्न रास्त होता. सरकारने दफ्तर खुले केले असे आपण आज म्हणतो. नीट पाहिले तर सरकारने विश्वासातला माणूस आत सोडला, आणि त्याने जे बाहेर आणले ते सरकारी छापखान्यात छापले. वाडांच्या वेळेपेक्षा फट रुंद झाली होती एवढेच.

पण त्या फटीतून काय आले! १९३० मध्ये ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’चा पहिला भाग आला, उदगीरच्या लढाईचा. दुसरा पानिपतचा. पुढच्या चार वर्षांत एकूण पंचेचाळीस भाग, साडेआठ हजारांच्या आसपास कागद. मूळ मजकूर मराठीत, देवनागरीत उतरवलेला, आणि सोबत इंग्रजीत थोडक्यात सार. १९३३ मध्ये सरदेसायांनी दफ्तराची एक मार्गदर्शिकाही लिहिली. कोणत्या वर्गात काय आहे आणि किती रुमाल आहेत हे लोकांना छापील स्वरूपात त्यातून कळले. मला विचाराल तर पंचेचाळीस भागांइतकेच मोल या एका पुस्तकाचे आहे. आत काय आहे तेच ठाऊक नसेल तर माणूस अर्ज तरी कशाचा करणार? पाठोपाठ १९३६ पासून इंग्रज रेसिडेंटांचा पुण्याचा पत्रव्यवहारही जदुनाथ सरकार आणि सरदेसाई या जोडीच्या देखरेखीखाली छापला जाऊ लागला.

घाईचे दोष या भागांत आहेत. काही पत्रांच्या तारखा चुकल्या, काही मागाहून दुरुस्त झाल्या, विषयवार वाटणीमुळे एकमेकांशेजारची पत्रे वेगळ्या भागांत गेली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारखे चिकित्सक अभ्यासक पुढच्या काळात आले ते हे छापील भाग घासूनपुसून बघतच. पण ज्या भीतीपोटी शंभरावर वर्षे दार बंद ठेवले ती भीती मात्र फुकट ठरली. मुंबई सरकारचे सिंहासन डळमळले नाही. इंग्रज गेले ते शेवटचा भाग निघाल्यावर तेरा वर्षांनी, आणि त्याला उदगीरची लढाई कारण नव्हती.

स्वातंत्र्यानंतर एलिएनेशन ऑफिसचे पुणे पुराभिलेखागार झाले. लोकांच्या तोंडी मात्र ते पेशवे दफ्तरच राहिले. परवानगी आणि हक्क यांतला फरक कायद्याने मान्य व्हायला आणखी बराच काळ लागला. इंग्रजांचा १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा आपण तसाच ठेवून घेतला, आणि त्याच्या आडोशाला मामलेदार कचेरीतला सातबाराही गुपित असल्यासारखा वागवला जात राहिला. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा धड कायदा झाला तो २००२ चा, आणि त्यावर राष्ट्रपतींची सही झाली ती ऑगस्ट २००३ मध्ये, अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्यातल्या दोन तरतुदी वाचताना मला वाड आणि राजवाडे आठवतात. एक, अर्जदाराला ‘कशाला हवे’ असे विचारता येत नाही. दोन, वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, थोडे अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. राजवाड्यांना या दोन ओळी मिळाल्या असत्या तर त्यांचा निम्मा संताप वाचला असता, आणि मराठी गद्याचे थोडे नुकसान झाले असते.

कायदा आला म्हणून कचेरीचा स्वभाव बदलला असे नाही. ‘माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’, ‘अभिलेख आढळून येत नाही’, ‘अर्ज पुढे वर्ग करण्यात येत आहे’ ही वाक्ये आजही तयार असतात. त्यातले ‘आढळून येत नाही’ सगळ्यांत जुने. ग्रँट डफच्या नकलांपासून चालत आलेले.

पेशवे दफ्तर आज अर्ज भरून पाहता येते. अडचण आता कुलपाची नाही. शाळांतून मोडी गेली, घरातले मोडी वाचणारे आजोबा गेले, आणि छापलेले साडेआठ हजार कागद वजा केले तर रुमालांतले बहुतेक कागद कोणी छापलेले नाहीत. गावच्या तळ्याचा, बाजारपेठेचा, दुष्काळातल्या सुटीचा, गावकीच्या भांडणाचा हिशेब त्यांत पडून आहे. ज्यांना आपल्या तालुक्याचा इतिहास लिहायचा आहे त्यांनी दुय्यम पुस्तकांवरून तो पुन्हा एकदा लिहिण्याआधी मोडी शिकावी. पुराभिलेख संचालनालय स्वतःच तिचे वर्ग घेते.